मोटार-शर्यतीचा चालक हा खेळाडूच होय
सुजाण क्रीडारसिकांस जाहीर विनंती

ग्रेटर नोएडा येथील बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किटवर 2011 साली भारतातील पहिली फॉर्म्युला वन शर्यत व्हावयाची होती, तेव्हा परदेशातून येणाऱ्या गाड्यांवर व सामग्रीवर जकातीची सूट मिळावी म्हणून केंद्रीय क्रीडा मंत्रालयाकडे विचारणा झाली. आणि हा खेळ नसून करमणूक आहे, अशी सबब पुढे करून मंत्रालयाने ती फेटाळली. ज्या सरकारने जेमतेम एक वर्ष आधी फॉर्म्युला वन चालक नारायण कार्तिकेयन यांस क्रीडाक्षेत्रातील पद्मश्री बहाल केली होती, त्याच सरकारच्या दप्तरी हा शेरा नोंदला जावा, ही विसंगती आम्हांस असह्य वाटते. कराच्या वादात सापडलेली ती शर्यत 2013 नंतर बंदच पडली. तिच्या जाण्याचे दुःख आहेच. परंतु बसल्या जागी गाडी हाकणाऱ्यास कसले आले कष्ट, या सार्वत्रिक समजुतीवर सरकारी शिक्कामोर्तब झाले, याचे दुःख अधिक आहे.

हे कष्ट शिरस्त्राणाआड झाकलेले असतात, म्हणूनच ते येथे सविस्तर सांगणे भाग आहे. वेगवान वळणावर चालकाच्या देहावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे पाचपट जोर आडवा येतो. डोके व शिरस्त्राण यांचे मिळून सहा-सात किलो वजन त्या क्षणी तीस किलोंच्या वर भरते, आणि तेवढा भार मानेवर तोलून, नजर तसूभर ढळू न देता, सुमारे तीनशे किलोमीटरांच्या शर्यतीत प्रत्येक फेरीला तेच वळण त्याला पुन्हा घ्यावे लागते. तालमीतला मल्ल जशी मान कमावतो, तशी ती या चालकांना वर्षानुवर्षे कमवावी लागते. ब्रेकवर शंभर किलोंहून अधिक जोराने पाय दाबावा लागतो, तोही नेमक्या जागी आणि चाके न अडकू देता. शिवाय अग्निरोधक पोशाखातील उष्म्याने सिंगापूरसारख्या ठिकाणी एका शर्यतीत दोन-तीन किलो वजन घामावाटे उतरते. 2023 च्या ऑक्टोबरात कतारमध्ये रात्री शर्यत होऊनही लोगन सार्जंट याला उष्म्याने शर्यत अर्धवट सोडावी लागली. एस्तेबान ओकोन याने तर शिरस्त्राणातच वांती होऊनही शर्यत पुरी केली. 1991 साली साओ पाउलोच्या इंटरलागोस येथे आयर्टन सेन्ना याची गाडी अखेरच्या फेऱ्यांत सहाव्या गिअरमध्येच अडकली. तशाच गाडीनिशी तो मायदेशी जिंकला, परंतु त्याला आधार देऊन गाडीबाहेर काढावे लागले आणि विजयचषक उचलतानाही त्याचे हात साथ देईनात. हा देहश्रम नव्हे, असे कोणी म्हणावे?

जिंकते ते यंत्र, हा आक्षेप मात्र पोकळ नाही. दुय्यम गाडी घेऊन अव्वल चालकही मागेच राहतो, हे आम्ही निःसंकोच मान्य करतो. परंतु कोण जिंकला आणि खेळाडू कोण, हे दोन निराळे प्रश्न आहेत. 2008 साली बीजिंग येथे अभिनव बिंद्रा यांनी सुवर्णपदक मिळविले, तेव्हा ते रायफलीचे पदक आहे असे या देशात कोणी म्हटले नाही; घोडेस्वारीचे पदक ऑलिंपिकमध्ये स्वाराच्याच गळ्यात पडते. शिवाय एकाच संघाच्या दोन समान गाड्यांतून उतरणारे दोन चालक प्रत्येक फेरीत एकमेकांच्या तुलनेत जोखले जातात, तेथे यंत्राची सबब चालत नाही. आणि ज्याला देहाचाच पुरावा हवा असेल, त्याने अलेक्स झानार्दी यांचे चरित्र पाहावे: 2001 च्या शर्यतीतील अपघातात दोन्ही पाय गमावलेल्या या इटालियन चालकाने पुढे हातांनी चालवायच्या सायकलीवर पॅरालिंपिकची चार सुवर्णपदके मिळविली, ती कोणत्या इंजिनाच्या बळावर?

आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2013 साली जागतिक मोटार महासंघास पूर्ण मान्यता दिली. भारत सरकारनेही 2019 साली रॅलीपटू गौरव गिल यांस अर्जुन पुरस्कार देऊन आपला जुना शेरा स्वतःच रद्दबातल ठरविला आहे. तेव्हा आमची मागणी इतकीच, की पुन्हा कधी अशी शर्यत या देशात यावयाची झाल्यास, जकातीचा व इतर करांचा निवाडा तिला खेळ मानून व्हावा. वर्तमानपत्रांनी तिचे वृत्त उद्योगवार्तांत न ढकलता क्रीडापृष्ठावर छापावे. आणि कार्टिंगच्या, म्हणजे छोट्या शर्यती-गाड्यांच्या, मैदानावर घाम गाळणाऱ्या मुलामुलींना शाळांनी इतर खेळाडूंप्रमाणेच हजेरीची व परीक्षेची सवलत द्यावी. ज्यांना ही मागणी रास्त वाटते, त्यांनी हे पत्रक आपल्या शाळेच्या मुख्याध्यापकांपर्यंत व आपल्या लोकप्रतिनिधींपर्यंत पोहोचवावे.