घरात बंदूक आहे का?

पोराला शेजारी खेळायला पाठवताना आपण फार तर विचारतो, ‘कुत्रं बांधलंय ना?’ अमेरिकेत काही आया आणखी एक प्रश्न विचारतात, ‘तुमच्या घरात बंदूक आहे का? असली तर कुलपात आहे ना?’ हे विचारायला अवघडच वाटणार. म्हणून ‘मॉम्स डिमांड अ‍ॅक्शन’ या आयांच्या संघटनेनं २०१५ पासून तो विचारायचा कसा, हेच बायकांना शिकवायला घेतलं.

त्या देशात माणसांपेक्षा बंदुका जास्त. २०१८ च्या एका अंदाजानुसार लोकांच्या घरांत ३९ कोटींहून अधिक! २०२० पासून तर तिथल्या लहान-किशोरवयीन मुलांच्या मृत्यूचं पहिलं कारण अपघात नाही, आजार नाही, बंदूक आहे.

१४ डिसेंबर २०१२ ला कनेक्टिकटमधल्या सँडी हूक शाळेत सहा-सात वर्षांची २० मुलं आणि ६ मोठी माणसं गोळीबारात गेली. दुसऱ्याच दिवशी इंडियाना राज्यातल्या शॅनन वॉट्स या पाच मुलांच्या आईनं स्वयंपाकघरातून फेसबुकवर हाक दिली. (बाई घरी असल्या तरी जनसंपर्काच्या कामात मुरलेल्या होत्या, हेही सांगायला हवं.) त्यातून ही संघटना उभी राहिली. पण एप्रिल २०१३ मध्ये पहिलाच मोठा फटका बसला. बंदूक प्रदर्शनांत आणि इंटरनेटवर विकताना गिऱ्हाइकाची पार्श्वभूमी तपासावी, एवढीच मागणी होती. सिनेटमध्ये ५४ मतं बाजूनं पडली, पण लागत होती ६०. झालं, विधेयक बारगळलं.

बायका घरी बसल्या नाहीत. त्यांनी राज्यांच्या विधिमंडळांकडे मोर्चा वळवला. लाल टी-शर्ट घालून सुनावणीला जाऊन बसायचं, आमदाराला गाठायचं, पुन्हा पुन्हा गाठायचं. स्टारबक्सच्या कॉफीवर शनिवारी बहिष्कार घातला. सप्टेंबर २०१३ मध्ये कंपनीनं गिऱ्हाइकांना विनंती केली, दुकानात बंदुका आणू नका. खरेदीची पिशवी कुणाच्या हातात असते, हे कंपन्यांना चांगलं ठाऊक असतं.

मला यातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो घरातल्या मारहाणीचा मुद्दा. बायकोला मारल्याबद्दल दोषी ठरलेल्या नवऱ्याला बंदूक बाळगता येऊ नये, असा कायदा तिथं १९९६ मध्येच झाला. पण मारणारा नवरा नसून नुसता मित्र असेल तर? आणि दोघं एकत्र राहत नसतील, मूलही नसेल तर? मग त्याला मोकळीक! म्हणजे हात तोच, मार तोच, फक्त लग्नाचा कागद नाही. मे २०२२ मध्ये टेक्सासमधल्या युवाल्डीच्या शाळेत १९ मुलं आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्यावर जूनमध्ये जो केंद्रीय कायदा झाला, त्यात ही फट बरीचशी बुजवली. पूर्ण नाही. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ८ विरुद्ध १ मतांनी सांगितलं, की मारहाणीमुळे न्यायालयानं ज्याला बाईपासून दूर राहायला बजावलंय आणि जो धोकादायक ठरलाय, त्याची बंदूक काढून घेता येते.

एक गोष्ट मात्र खटकते. शहरांमधल्या काळ्या वस्त्यांतल्या आया कितीतरी आधीपासून पोरं गमावत होत्या, त्यांची दखल कुणी घेतली? ल्युसी मॅकबॅथ यांचा मुलगा जॉर्डन २०१२ मध्ये फ्लोरिडात गाडीत मोठ्यानं गाणी लावली म्हणून गोळी घालून मारला गेला. त्या या संघटनेत आल्या, देशभर बोलत फिरल्या आणि २०१८ मध्ये जॉर्जियातून थेट संसदेत निवडून गेल्या.

खासगी विक्रीत तपासणीची सक्ती करणारा देशव्यापी कायदा मात्र अजून झालेला नाही. त्यामुळे तिथल्या शाळांत सराव चालूच असतो: दिवे घालवायचे, दाराला कडी, कोपऱ्यात चिडीचूप बसायचं. आपली मराठी नातवंडंही त्यात असतात. सहा महिन्यांसाठी लेकीकडे गेलेल्या आजीला ती हे खेळ सांगावा तसं सांगतात.