टाच तिची, निर्णय दुसऱ्यांचा

एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेतले अनेक डॉक्टर सांगत, की उंच टाचांमुळे स्त्रीचे गर्भाशय जागेवरून सरकते. याला पुरावा काहीच नव्हता. तरी हा विचार कायद्याच्या दारापर्यंत गेला. १९२१ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात दीड इंचाहून उंच टाचांवर बंदी घालण्याचा प्रस्ताव आला.

उंच टाचांचा त्रास खोटा नाही. बोटे चेपतात, अंगठ्याच्या मुळाशी हाड पुढे येते, पोटरीचे स्नायू आखडतात. पण त्या डॉक्टरांना काळजी होती ती पायांपेक्षा गर्भाशयाची, म्हणजे बाईच्या मातृत्वाची.

आज उलटे टोक दिसते. डिसेंबर २०१५ मध्ये लंडनला निकोला थॉर्प या रिसेप्शनिस्टला, सपाट बूट घातले म्हणून कामावरून घरी पाठवले. तिच्या मागणीवर दीड लाखाहून अधिक लोकांनी सह्या केल्या. २०१९ मध्ये जपानात युमी इशिकावा यांनीही अशाच सक्तीविरुद्ध मोहीम उघडली.

एकाने बंदी घालू पाहिली, दुसऱ्याने सक्ती केली. जिचा पाय, तिला कोणीच विचारले नाही. वापरणाऱ्याला न विचारता केलेले सॉफ्टवेअर फसते, हे आम्हा इंजिनिअरांना लवकर कळते. डॉक्टरांनी धोका पुराव्यासह सांगावा. चप्पल कोणती घालायची, ते तिला ठरवू द्या.