अडतीस हजारांची रंगसफेदी

मी कॉमर्सचा पदवीधर. त्यामुळे मला रंग दोनच कळतात, निळा आणि तांबडा. निळ्या शाईने लिहिली ती नोंद आणि तांबड्या शाईने लिहिली ती भानगड. असला माणूस जुन्या मोटारीला संपूर्ण रंग द्यावा की न द्यावा या विषयावर तोंड उघडतो म्हणजे काय, असे आमचे मेहुणे म्हणतात. ते रंगवाल्या पक्षाचे पुढारी आहेत. त्यांना माझे उत्तर एकच : रंगातले कोणाला किती कळते हा प्रश्नच नाही. रंगाचे अडतीस हजार माझ्या खात्याला नावे पडायचे आहेत, आणि खातेदाराला बोलण्याचा हक्क असतो. निदान आमच्या बँकेत तरी अजून आहे. काउंटरवर त्याचे कोणी ऐकत नाही, ती गोष्ट वेगळी.

तर गाडी. 2003 सालची मारुती 800, रंग पांढरा, नंबर एम.एच. 08, म्हणजे रत्नागिरीचा. वडिलांनी निवृत्तीच्या पैशांतून घेतलेली. 1983 च्या डिसेंबरात या गाडीने देशात चाक टाकले आणि 2014 च्या जानेवारीत कारखान्याने ती काढायचे बंद केले. म्हणजे तिला आता माहेर उरलेले नाही. सासर आमचे, आणि तेही कोकणातले. वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस, उरलेले आठ महिने खारा वारा आणि तांबडी धूळ. एवढ्यात बावीस वर्षे काढल्यावर माणसाच्या अंगाचीही कांती राहत नाही, पत्र्याचे काय घेऊन बसलात! बॉनेट खडूसारखे झाले आहे. हात फिरवला की तळव्याला पांढरी पूड लागते. टपावर एक नकाशा उमटला आहे. शेजाऱ्यांच्या मते तो श्रीलंकेचा आहे. डाव्या दाराच्या तळाशी तांबूस फोड आले आहेत.

इतकी वर्षे हे कोणाला दिसत नव्हते. पण कन्या अठरा वर्षांची झाली, तिने याच गाडीवर हात बसवायचे ठरवले, आणि एकाएकी सगळ्यांना मोतीबिंदू काढल्यासारखे दिसू लागले. सौ. म्हणाली, "मुलगी चालवणार म्हटल्यावर गाडी जरा बरी दिसायला नको का?" मेहुण्यांनी एक पेंटरमामा पाठवले. मामांनी गाडीला प्रदक्षिणा घातली, दोन ठिकाणी टिचकी मारली आणि निदान सांगितले, "फुल बॉडी अडतीस. कलर चेंज पंचेचाळीस." कलर चेंज केला की आर.सी.वरचा रंगही बदलून घ्यावा लागतो. म्हणजे पांढऱ्या गाडीने लाल व्हायचे आणि आर.टी.ओ.च्या रांगेत मी पांढरा व्हायचे. तो विषय तिथेच मिटला. राहिला अडतीसचा.

मेहुण्यांचा पहिला मुद्दा, "रंग दिला की व्हॅल्यू वाढते." हे ऐकून माझ्यातला बी.कॉम. दुखावला. आमच्या शास्त्रात घसारा नावाची एक चीज आहे. धंद्यातल्या मोटारीवर आयकर खाते वर्षाला 15 टक्के घसारा देते, तोही दरवर्षी उरलेल्या किमतीवर. वडिलांनी सव्वादोन लाखांना घेतलेली गाडी या हिशेबाने बावीस वर्षांनी सुमारे सहा हजार तीनशे रुपयांची राहते. (या पद्धतीत किंमत कधीच शून्य होत नाही. सरकारी नियमांत एवढी माया मी दुसरीकडे पाहिलेली नाही.) सहा हजार तीनशेच्या मालमत्तेवर अडतीस हजारांचा रंग! बाजारात तिला तीस-पस्तीस हजार येतील असे मेहुणे म्हणतात. येवोत बापडे. पण मला गाडी विकायचीच नाही. जी वस्तू विकायची नाही तिची विक्रीची किंमत वाढवणे म्हणजे लग्नाला वीस वर्षे झालेल्या नवऱ्याने केस काळे करणे. मेहुणे केस काळे करतात. हे वाक्य त्यांना लागले.

आणि विकायची ठरवली, तरी जुन्या गाड्यांचा कसलेला गिऱ्हाईक ताजा रंग पाहून खूश होत नाही. तो आधी विचारतो, "कुठे ठोकली होती?" मग दारावर टकटक करून पुट्टीचा आवाज ऐकतो. हल्ली तर रंगाचा थर मोजायचे यंत्रच घेऊन येतात. फिकट पण मूळ रंगाची गाडी ही जुन्या पासबुकासारखी असते. कोपरे फाटलेले असले तरी नोंदी खऱ्या. नव्या कोऱ्या डुप्लिकेट पासबुकाकडे मात्र आम्ही बँकवाले जरा निरखून बघतो.

दुसरा मुद्दा जास्त शहाणपणाचा वाटतो, म्हणूनच जास्त घातक. "रंगाने पत्रा वाचतो." वाचतो ना! पण कोणत्या रंगाने? कारखान्यात काय करतात ते ऐका. गाडीची नुसती कवटी तयार असते. काच नाही, सीट नाही, वायर नाही. ती आख्खी कवटी प्रायमरच्या हौदात बुडवतात आणि त्यात वीज सोडतात. विजेच्या ओढीने प्रायमर पत्र्याच्या आतबाहेर जाऊन बसतो. दाराच्या पोकळीत, दाराखालच्या बंद पट्टीत, जिथे पेंटरचा हातच काय, झुरळही वळणार नाही अशा बोळांत तो पोचतो. मग दीडशे अंशांच्या वर भट्टीत शेकतात. तुमच्याआमच्या डोळ्यांना दिसतो तो रंग यानंतर, वरून.

हे गॅरेजात होणे नाही. कारण गाडीत आता सीट आहेत, वायरी आहेत, रबर आहे, टाकीत पेट्रोल आहे. तिला दीडशे अंशांची भट्टी दिली तर वांग्याचे भरीत होईल. चांगल्या बूथमध्येसुद्धा साठ-सत्तर अंशांच्या आसपास शेक देतात. आमच्या पेंटरमामांचा बूथ म्हणजे फणसाखाली बांधलेली ताडपत्री, आणि शेक सूर्यनारायणाचा. मामांचा हात वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. वॉटर पेपर मारताना त्यांची बोटे मी पाहिली आहेत. मुलाच्या कपाळावरून आईने हात फिरवावा तशी फिरतात. पण फवाऱ्याने रंग बाहेरूनच बसणार, आणि गंज येतो आतून! दाराच्या तळाला पाणी निचरायला बारीक भोके असतात. त्यांत आपली तांबडी माती बसते, पाणी आत साचते, आणि पत्रा आतल्या बाजूने कुजत कुजत बाहेर येतो. बाहेर फोड दिसतो तो रोगाचा शेवटचा अंक. त्या फोडावर पुट्टी आणि पुट्टीवर रंग म्हणजे बुडीत कर्जावर नवे कर्ज. ताळेबंद त्या मार्चला छान दिसतो. पुढच्या मार्चला फोड पुन्हा हजर, व्याजासकट.

हे मी पुस्तकातले सांगत नाही. मामांना होकार देण्यापूर्वी मी गाडी आमच्या मेस्त्रींकडे नेली. त्यांनी चालकाच्या पायाखालचे मॅट उचलले, एक साधा स्क्रूड्रायव्हर घेतला आणि तळाच्या पत्र्यावर टेकवला. टेकवला म्हणतोय, मारला नाही. तो आरपार गेला. वाकून बघितले तर भोकातून गॅरेजची जमीन दिसली आणि जमिनीवरची त्यांची मांजर. मग त्यांनी खाली शिरून ब्रेकच्या नळीवर अंगठा घासला आणि तो अंगठा मला दाखवला. मतदान करून आल्यासारखा रंगला होता, फक्त शाई तांबडी.

मी मामांना फोन केला. "मामा, तुमच्या अडतीस हजारांत तळ येतो का?"

"तळ? तळ कोण बघतो साहेब? वर मॅट असतंय."

माझा सगळा वाद या एका वाक्याशी आहे. तळ कोण बघतो! रंगवाल्या पक्षाचे अख्खे तत्त्वज्ञान यात आले. तिथे मॅट असते हे खरे. पण मॅटवर माझ्या मुलीचे पाय असतात, आणि त्यांतला उजवा पाय ज्या पेडलवर पडणार ते पेडल त्या गंजक्या नळीच्या भरवशावर असते. गाडी "बरी दिसायला" हवी म्हणून जे पैसे काढायचे ते नेमके जिथे दिसत नाही तिथून काढायचे, असा हा बेत. मी सौ.ला मांजरीसकट सगळे सांगितले. तिने त्या क्षणी पक्ष बदलला. मेहुणे मात्र ठाम राहिले. त्यांची मुलगी पुण्याला आहे.

त्यांचा तिसरा मुद्दा, "लोक काय म्हणतील?" लोकांना म्हणायला कोणी शिकवले याचाही थोडा इतिहास आहे. फोर्डसाहेबांनी 1914 पासून दहाएक वर्षे आपली मॉडेल टी फक्त काळ्या रंगात विकली आणि लोकांनी ती लाखांनी घेतली. कोणाचे नाक कापले गेले नाही. तेव्हाचे रंग वाळायलाच आठवडे लागत. 1920 नंतरच्या काही वर्षांत ड्युको नावाचा झटपट वाळणारा रंग आला, जनरल मोटर्सने तो गाड्यांना दिला, आणि रंगीत गाड्या भराभर निघू लागल्या. 1927 साली त्या कंपनीने कला आणि रंग यांचे स्वतंत्र खातेच उघडले. चालू गाडी असलेल्या माणसाला ती जुनी दिसते असे वाटायला लावणे, हे त्या काळापासून धंद्याचे एक अंगच झाले. ड्युको आपल्याकडेही आला; आपले सुतार अजून कपाटाला ड्युको मारतात. आणि अमेरिकेतल्या त्या कचेरीत बसलेल्या कोणा गृहस्थाच्या डोक्यातली कल्पना आज रत्नागिरीत माझ्या मेहुण्यांच्या तोंडून बोलते, ही मोठी गंमत आहे. मेहुण्यांना हे माहीत नाही. त्यांना वाटते ते स्वतःच बोलतात.

लोकांचे म्हणाल तर मी कर्जविभागात तीन वर्षे काढली आहेत. काउंटरच्या जाळीतून बाहेरचे पार्किंग दिसे. हप्ता वेळेवर भरणारे मास्तर खडखडणाऱ्या गाडीतून येत. तीन हप्ते थकलेले शेठजी आले की आमच्या शिपायाला त्यांच्या बॉनेटमध्ये भांग पाडता येई. यावरून मी सिद्धांत काढत नाही. पण गाडीची चकाकी पाहून माणसाची पत ठरवणाऱ्यांनी एकदा जाळीच्या आतून बघावे.

राहिले पासिंग. "रंग मारून न्या, साहेब खूश होतो," हा सल्ला आर.टी.ओ.च्या फाटकावर फुकट मिळतो. तिथे फुकट मिळणारी तेवढी एकच गोष्ट. आमच्या गाडीची पंधरा वर्षे 2018 साली भरली, तेव्हा फेरनोंदणीची फी होती 600 रुपये. पाच वर्षांनी, 2023 ला, 5,000. वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी 2025 साली ती 10,000 केली, म्हणजे 2028 ला मला तेवढे मोजायचे आहेत. पर्यावरण कर निराळा. माझ्या पगाराने ही चाल धरली असती तर मी गाडीच काय, फणस आणि ताडपत्रीसकट पेंटरमामाही विकत घेतले असते. पण फी कितीही असो, तपासणाऱ्याने ब्रेक दाबून बघायचा असतो, बॉनेटमध्ये भांग पाडून नव्हे.

रंगाशी माझे वैर आहे असे कोणी समजू नये. उघडा पत्रा आमच्या हवेत पावसाळ्यात एक रात्र ठेवला तर सकाळी तांबडा होतो. तिथे रंग औषध आहे, ते लावलेच पाहिजे. हौसेने गाडी पार सांगाड्यापर्यंत सोडवून, गंज कापून, मग रंगवणारे लोक असतात, त्यांना माझा नमस्कार. त्यांचा हिशेब निराळा आणि खिसाही. माझे भांडण आहे ते औषध कपड्यांवरून चोळण्याशी.

अडतीस हजार मी काढलेच होते. त्यांतले सात हजार तळाच्या पत्र्याला आणि वेल्डिंगला गेले, चार हजार ब्रेकच्या नळ्यांना आणि मागच्या ड्रमच्या कामाला. 145/70 आर 12 मापाचे चार टायर अकरा हजारांना पडले. या मापासाठी दुकानदाराने मला दोन आठवडे ताटकळत ठेवले. दाराची भोके मेस्त्रींनी सायकलच्या स्पोकने साफ केली, त्याचे पैसे घेतले नाहीत. शेवटी मी मामांनाच बोलावले आणि कापून जोडलेल्या जागांवर रंग द्यायला सांगितला. साडेतीन हजार. पंधराशे रबिंगचे. बॉनेट बऱ्यापैकी उजळले; श्रीलंका जागच्या जागी आहे. जुना पांढरा, नवा पांढरा, रबिंगचा पांढरा असे एकाच गाडीत आता तीन पांढरे आहेत. मामा काम संपवताना हळहळत होते, "साहेब, थोडक्यासाठी गाडी ठिगळाची ठेवलीत." उरलेले अकरा हजार मी मुदत ठेवीत टाकले, 2028 च्या नावाने.

परवाच्या रविवारी कन्या आम्हा दोघांना घेऊन पावसला निघाली. लायसन होऊन महिना झालेला. मी पुढे, सौ. मागे, गाडीत संपूर्ण शांतता. भाट्ये ओलांडून थोडे पुढे गेलो तोच झाडीतून एक म्हैस निवांतपणे रस्त्याच्या मध्यावर आली. कन्येने ब्रेक दाबला. गाडी म्हशीपासून दोन हातांवर सरळ रेषेत उभी राहिली. म्हशीने मान वळवली, बॉनेटकडे, मग तिन्ही पांढऱ्यांकडे सावकाश बघून घेतले, आणि काही न बोलता पलीकडे निघून गेली.