मंजुरी तिजोरींत, भाडेकरू दारांत

सरकारनें पैसा मंजूर केला म्हणजे गरिबाचें काम झालें, अशी आपल्या लोकांची भोळी समजूत आहे. ती किती खोटी आहे हें ज्यांस पाहावयाचें असेल त्यांनीं कोरोनाच्या सांथींत अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत घरभाड्याच्या मदतीची काय गत झाली तें पाहावें. तेथील मध्यवर्ती सरकारनें डिसेंबर 2020 मध्यें 2,500 कोटि डॉलर व मार्च 2021 मध्यें आणखी 2,155 कोटि डॉलर या एकाच कामासाठीं मंजूर केले. ही रक्कम संस्थानांकडे आणि दोन लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांकडे व जिल्ह्यांकडे जावयाची, आणि वांटप त्यांनीं करावयाचें, अशी योजना होती. परंतु जुलै 2021 अखेर एकंदर मंजुरीपैकीं शेंकडा 11 च्या सुमारासच रक्कम खर्ची पडली होती! आणि 26 ऑगस्ट रोजीं, भाडेकरूंस घराबाहेर काढण्यास मध्यवर्ती सरकारनें केलेली मनाई तेथील सर्वोच्च न्यायालयानें उठविली. ढाल गेली, आणि पैसा मात्र कचेरींतच.

तोटा पैशाचा नव्हता, कागदाचा होता. ठिकठिकाणच्या कचेऱ्यांनीं भाडेपट्टा मागितला, उत्पन्नाचे दाखले मागितले, नुकसान सांथीच्या काळांतलेंच आहे याचा पुरावा मागितला. जो खाणावळींत रोजंदारीनें भांडीं घासतो आणि तोंडी बोलीवर एका खोलींत राहतो त्यानें हे कागद कोठून आणावे? इकडे अधिकाऱ्यांच्या मनांत निराळीच भीति: उद्यां हिशेबतपासनीस आला आणि एखादी रक्कम गैरलागू ठरली तर ती आपल्या शहराच्या माथीं बसेल. तेव्हां न देणें हेंच सुरक्षित. चुकून दिलेल्या पैशाचा जाब विचारला जातो, चुकून न दिलेल्याचा कोणी विचारीत नाहीं; कचेरी कोणत्याही देशांतील असो, तिचा हा धर्म सारखाच.

अखेर मध्यवर्ती खजिन्यानें, त्या निकालाच्या आदल्याच दिवशीं, साफ बजावलें कीं, कागद नसतील तेथें अर्जदाराचें सहीचें निवेदन पुरे समजावें. घरमालक दाद देत नसेल तर पैसा भाडेकरूच्याच हातीं देण्याची मुभा होतीच. वर्षअखेरपर्यंत वांटपाचा आंकडा तिपटीहून अधिक वाढला. सर्व श्रेय त्या एका परिपत्रकाचें नव्हे. परंतु पैसा तोच व कचेऱ्याही त्याच होत्या, हें विसरतां येत नाहीं. फिलाडेल्फियाच्या म्युनिसिपल कोर्टानें तर एप्रिल 2021 मध्येंच हुकूम काढला होता कीं, थकबाकीसाठीं फिर्याद लावण्यापूर्वीं घरमालकानें मदतीचा अर्ज करावा आणि 45 दिवस थांबावें. या हुकुमानें वादी व प्रतिवादी एकाच खिडकीपुढें उभे केले.

आपल्याकडे काय झालें? 29 मार्च 2020 रोजीं केंद्राच्या गृहखात्यानें, मजुरांकडून महिनाभर भाडें मागूं नये असा हुकूम काढला. 17 एप्रिलला महाराष्ट्र सरकारनें घरमालकांस भाडेवसुली निदान तीन महिने पुढें ढकलण्यास सांगितलें. म्हणजे परोपकार सरकारचा आणि खर्च घरमालकाचा! आमच्या वाचकांत घरमालक पुष्कळ आहेत, आणि त्यांतील कित्येकांची चूल एका खोलीच्या भाड्यावर पेटते, हें आम्ही जाणतों. दिल्लीच्या मुख्यमंत्र्यांनीं गरिबांचें भाडें सरकार भरील असें जाहीर केलें. 22 जुलै 2021 रोजीं हायकोर्टाच्या एका न्यायमूर्तींनीं तो शब्द बंधनकारक ठरविला, तर सप्टेंबरांत खंडपीठानें त्या निकालास स्थगिती दिली.

नुसत्या सहीवर पैसे दिले तर लबाड लुटतील, असा आक्षेप येईल. लबाडीनें नेलेली रक्कम फिर्याद करून वसूल करतां येते. पावसांत रस्त्यावर काढलेल्या कुटुंबाचे ते दिवस कोणतीही डिक्री भरून देत नाहीं. शिवाय भाडेकरूचा शब्द मानणें आपल्या कायद्यास नवें नाहीं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999, याच्या कलम 55 अन्वयें करार लेखी व नोंदलेला असण्याची जबाबदारी घरमालकावर आहे. तो तसा नसेल तर अटींविषयीं भाडेकरूचें म्हणणें, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरावयाचें. जें म्हणणें कोर्टांत चालतें तें म्युनिसिपालिटीच्या खिडकीवर कां चालूं नये?

पैसा राज्यानें द्यावा. मात्र एकपानी अर्जाचा नमुना, दरमहा मदतीची मर्यादा आणि प्रत्येक प्रभागांतील अर्ज घेणारी कचेरी हीं महानगरपालिकांनीं सांथ येण्यापूर्वींच ठरवून ठेविलीं पाहिजेत. यास फारसा खर्च नाहीं, एक ठराव लागतो. पुढील अंदाजपत्रकाच्या सभेंत तो कोणता नगरसेवक मांडतो, याची आम्ही वाट पाहत आहों.