पडणे आणि उठणे

मुलांनो, खेळताना तुम्ही पडता, गुडघे झटकता आणि पुन्हा धावू लागता. सायंकाळपर्यंत त्या पडण्याची आठवणही उरत नाही. वृद्धांचे तसे नसते. गेल्या पावसाळ्यात मी न्हाणीघरात घसरून पडलो. हाड मोडले नाही. परंतु काही केल्या उठता येईना. नात शाळेतून परत येईपर्यंत मी ओल्या फरशीवर तसाच पडून होतो. पुढे वाचनात आले की, अमेरिकेतील डॉ. मेरी टिनेटी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पडूनही इजा न झालेल्या वृद्धांपैकी जवळजवळ निम्म्यांची अशीच गत झाली होती.

त्यानंतर मुलाने माझ्या मनगटावर एक घड्याळ बांधले. त्यात गतीतील बदल मोजणारा सूक्ष्म संवेदक आहे. मनुष्य कोसळू लागला की त्याचे माप क्षणभर घटते, जमिनीवर आदळताच एकदम उसळते आणि मग सारे स्तब्ध होते. या क्रमावरून घड्याळ पडणे ओळखते व साहाय्यासाठी दूरध्वनी करते. अर्थात, ते सर्वज्ञ नव्हे. मी जोराने मेजावर हात आपटला, तर कधी त्यास मी पडलो असे वाटते. आणि खुर्चीवरून हळूच घसरणारा म्हातारा त्याच्या ध्यानातही येत नाही!

परंतु माझी खरी तक्रार घड्याळाविषयी नाही. मी पडलो, तेव्हा घरची मंडळी प्रेमानेच म्हणाली, "आता बाहेर जाऊ नका." मीही भ्यालो आणि घरी बसलो. बसून पाय दुबळे झाले. आणि दुबळे पाय पुन्हा पडण्यास निमित्त होतात. हेच घड्याळ माझी पावले मोजते, मी किती वेळ बसून होतो तेही सांगते. त्या आकड्यांचा उपयोग आजोबांवर पहारा ठेवण्यासाठी करावा, की त्यांना पुन्हा चालते करण्यासाठी? माझ्या मते दुसऱ्याच कामी तो व्हावा, आणि ते आकडे प्रथम आजोबांना दाखवावेत. शरीर त्यांचे आहे.

सध्या रोज सायंकाळी नात व मी सतरंजीवर उठण्याचा सराव करतो: आधी कुशीवर वळणे, मग हात व गुडघे टेकणे, मग जड खुर्चीचा आधार घेऊन उभे राहणे. काल मी जरा धपकन बसलो, तेव्हा घड्याळाने विचारले, "आपण पडलात काय?" नातीने 'नाही'ची कळ दाबली आणि मला पुन्हा कुशीवर वळावयास सांगितले.