एकाच आलेखांत तीन रेषा

संगणकाच्या साहाय्यानें आलेख काढणें आतां इतकें सुलभ झालें आहे कीं, शाळकरी मुलेंहि तें लीलेनें करितात. परंतु एकाच आलेखावर अनेक रेषा एकत्र काढितांना एक प्रमाद सहज घडतो. तो गेल्या जूनमध्यें आमच्याच घरीं घडल्यामुळें त्याविषयीं वाचकांशीं दोन शब्द बोलावेसे वाटतात.

आमच्या काकांस मधुमेह आहे. रक्तांतील साखरेचें उपाशीपोटीं असणारें मान, जेवणानंतरचें मान आणि वजन अशा तीन नोंदी ते दर आठवड्यास एका वहींत करितात. मार्चपासूनचे आंकडे जमल्यावर आमच्या पुतण्यानें पायथन भाषेंत आज्ञा लिहून त्यांचा आलेख काढिला. साखरेच्या दोन्ही रेषा चढल्या होत्या. पण त्याचा दोष आंब्यांवर ठेवून मंडळी मोकळी झाली. वजनाची रेषा मात्र तळाशीं दोरी ताणल्यासारखी सरळ होती, व तिच्याकडे पाहून सर्वांस समाधान वाटलें. काकू तेवढ्या म्हणाल्या, "अरे, ह्यांचे सदरे खांद्यावरून उतरूं लागलेत, तें कुणाला दिसत नाहीं काय?" वही पुन्हां उघडली. वजन ६२ किलोंवरून ५६ वर आलें होतें!

आलेख खोटा नव्हता. पुतण्यानें वापरलेलें मॅटप्लॉटलिब हें साधन जॉन हंटर ह्या अमेरिकन संशोधकानें निर्मिलें. अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूंतील विद्युत्-लहरी पाहण्याकरितां त्याला तें हवें होतें. २००३ सालीं तें प्रथम प्रसिद्ध झालें; हंटर २०१२ सालीं निवर्तला. त्यांत 'प्लॉट' ही आज्ञा एकदां दिली कीं एक रेषा उमटते. चित्र दाखविणारी 'शो' ही आज्ञा देण्यापूर्वीं तीच पुन्हां दिली, तर दुसरी रेषा त्याच अक्षांवर, निराळ्या रंगांत, पहिलीवर येऊन बसते. प्रत्येकीस 'लेबल' देऊन शेवटीं 'लेजंड' म्हटलें कीं कोणती रेषा कशाची हें कोपऱ्यांत लिहिलें जातें. सर्व रेषा मावतील इतकी उंची साधन आपणच ठरवितें. येथें लहानांत लहान आंकडा ५६ किलोंचा, तर मोठ्यांत मोठा जेवणानंतरच्या साखरेचा, २६२. बारा सेंटिमीटर उंचीच्या चित्रांत सहा किलोंची घट जेमतेम तीन मिलिमीटर भरली. किलो आणि मिलिग्रॅम ह्यांस एकाच पट्टीनें मोजण्याचें हें फळ.

ही चूक थोरांच्या हातूनहि झाली आहे. आलेखविद्येचा आद्य प्रवर्तक विल्यम प्लेफेअर ह्यानें १८२१ सालीं, १५६५ पासूनचे इंग्लंडांतील गव्हाचे भाव आणि कारागिराची आठवड्याची मजुरी एकाच चित्रांत, शिलिंगांच्या एकाच पट्टीवर मांडिली. मजुरीच्या मानानें गहूं पूर्वीं कधीं नव्हता इतका स्वस्त झाला आहे, हें त्यास दाखवावयाचें होतें. परंतु मजुरीची रेषा तळाशीं पडून राहिली, आणि जें सांगावयाचें तें डोळ्यांस सहजासहजीं दिसेना.

पुतण्यानें मग 'ट्विनएक्स' ही आज्ञा घालून वजनास उजवीकडे स्वतंत्र अक्ष दिला. रेषा एकदम कड्यावरून कोसळावी तशी उतरली. तोच कागद घेऊन काका डॉक्टरांकडे गेले. इन्सुलिन कमी पडलें कीं रक्तांत साखर असूनहि शरीरास ती वापरतां येत नाहीं, व तें आपलीच चरबी आणि स्नायु जाळूं लागतें, असें सांगून त्यांनीं औषध त्याच दिवशीं बदललें.

पण ह्या दुसऱ्या चित्रानेंहि घरांत एक नवा घोळ केला. मेच्या मध्यावर वजनाची रेषा साखरेच्या रेषेस छेदून खालीं गेली होती. तेव्हां त्या आठवड्यांत काय खाल्लें, कोणाकडे जेवण होतें, ह्याची कसून चौकशी सुरू झाली. वस्तुतः त्या छेदास कांहींच अर्थ नाहीं. उजवा अक्ष ४० पासून ७० पर्यंत ठेवा, कीं तो छेद दुसरीकडे तरी सरकतो किंवा नाहींसा तरी होतो. दोन अक्षांच्या चित्रांत रेषा कोठें भेटाव्या हें काढणाराच्या हातांत असतें, आणि म्हणूनच वृत्तपत्रांतील अशा चित्रांकडे आम्ही जरा संशयानेंच पाहतों.

आमचें मत असें कीं, ज्यांचें परिमाण एक आहे त्याच रेषा एका अक्षावर घ्याव्या. साखरेच्या दोन्ही रेषांनीं खुशाल एकत्र नांदावें. वजनास मात्र खालीं निराळा खण द्यावा. 'सबप्लॉट्स' ह्या आज्ञेनें दोन खण पडतात, आणि तींतच 'शेअरएक्स' मागितल्यास दोहोंच्या तारखा बरोबर एकाखालीं एक येतात. आतां वहींत असाच आलेख चिकटविला आहे. औषध बदलल्याच्या दिवशीं दोन्ही खणांतून एक उभी तुटक रेषा असावी, अशी डॉक्टरांची सूचना होती. त्याकरितां प्रत्येक खणास 'एएक्सव्हीलाइन' ही एक ओळ लागते. ती पुतण्यानें त्याच रात्रीं घातली, आणि तिच्या उजवीकडील पहिला बिंदु काका येत्या रविवारीं भरणार आहेत.