चोर सोडून संन्याशाला फाशी

होळीसाठी धडगावला घरी आलोय. रेंज येते, जाते. दोन रात्री एका पॅकेजने झोप खाल्ली, म्हणून आज थोडी चिडचिड.

नातेवाईक मंडळींसाठी: सॉफ्टवेअरचं पॅकेज बाहेर पाठवण्याआधी ते तपासनीस प्रोग्रॅमांकडून तपासून घेतात. डेबियनमध्ये हे काम १९९८ पासून लिंटियन करतो. स्पेलिंग तपासायला कोडस्पेल असतो. त्याच्याकडे शब्दकोश नसतो, नेहमी होणाऱ्या चुकांची यादी असते. त्या यादीत 'टी-ई' आहे. तुम्हाला 'द' लिहायचं होतं का, असं तो विचारतो. आमच्या फाइलींमध्ये रोमन लिपीतलं मराठी! 'ते' शिवाय मराठी माणूस बोलणार कसा? सदतीस इशारे, चूक एकही नाही.

मागच्या वर्षी असंच झालं तेव्हा टीममधला एकजण म्हणाला, "अख्खा फोल्डरच वगळ." मी वगळला. सगळं हिरवं दिसलं, आम्ही खूश. त्याच फोल्डरमध्ये एका सेटिंगच्या नावात 'रिसीव्ह'चं स्पेलिंग चुकलेलं होतं. ते तसंच बाहेर गेलं. आता लोकांच्या फाइलींत तेच नाव आहे, त्यामुळे बदलताही येत नाही. हसू नका. १९९६ च्या आरएफसी १९४५ मध्ये एचटीटीपीचं 'रेफरर' एक 'आर' गमावून आलं, अख्खं जग आजही ते तसंच लिहितं.

म्हणून माझा राग यंत्रावर कमी आणि आमच्यावर जास्त आहे. आजी तांदूळ निवडताना एखादा दाणा खडा समजून बाजूला काढायची. त्यासाठी कुणी सूप फेकलं नाही.

खोटा इशारा आला तर तेवढाच बंद करा. एक शब्द, एक फाइल. वर एका ओळीत कारण लिहा. मग तपासनिसाच्या कर्त्यांना कळवा, नाहीतर तोच त्रास उद्या दुसऱ्याला. लिंटियनमध्ये तर गरज संपलेली सूट तशीच राहिली तर तो तीही दाखवतो. दिलेल्या माफीचाही हिशोब!

"यंत्रच सारखं लांडगा आला ओरडतं त्याचं काय?" बरोबर आहे. पॅकेज अडवायचा अधिकार यंत्राला दिला तर दाद मागायची सोयही हवी. डेबियनने २००९ मध्ये लिंटियनच्या काही चुकांवर पॅकेज आपोआप नाकारायला सुरुवात केली, तेव्हा दोन याद्या केल्या. एकीत सूट चालत नाही, दुसरीत पॅकेज सांभाळणाऱ्याला ती नोंदवता येते. मला हे न्यायाचं वाटतं.

काल रात्री मी फोल्डरवरची सूट काढली. फक्त 'ते' सोडला आणि वर लिहिलं: हा मराठी शब्द आहे, चूक नाही. मग आणखी दोन खऱ्या चुका सापडल्या.

असो. आई पुरणपोळीला हाक मारतेय. तुमच्या फायलींत विनाकारण वगळलेलं काय काय आहे, जरा बघा.